अंतर भागिले ॲव्हरेज : सहलीच्या इंधनखर्चाच्या एका सोप्या सूत्राचा प्रतिवाद

मोटारीने लांबच्या सहलीला निघण्यापूर्वी इंधनाचा खर्च काढायचा असेल, तर एकूण अंतराला गाडीच्या ॲव्हरेजने भागावे, आलेल्या लिटरांना पेट्रोलच्या दराने गुणावे आणि मोकळे व्हावे, असा सल्ला प्रवासविषयक लिखाणात, गाड्यांच्या विक्रीदालनांत आणि घरोघरच्या बेतांत सर्रास दिला जातो. ॲव्हरेज म्हणजे एका लिटरमध्ये गाडी जितके किलोमीटर धावते तो आकडा, आणि तो एकदा ठाऊक झाला की उरते ती केवळ शाळकरी भागाकाराची बाब, अशी या सल्ल्यामागची समजूत आहे. ही समजूत इतकी रुळलेली आहे की तिच्यावर आक्षेप घेणे म्हणजे काथ्याकूट करणे, असे अनेकांना वाटते. तरीही तो आक्षेप घ्यायला हवा, कारण या सूत्राने काढलेला खर्च जवळजवळ नेहमी एकाच बाजूला, म्हणजे कमी पडण्याच्या बाजूला चुकतो, आणि त्या चुकीचा भुर्दंड बहुधा अशा माणसाला बसतो ज्याला तो सोसण्याची ऐपत सर्वांत कमी असते.

प्रथम या सूत्रातले जे खरे आहे ते मान्य करावे. भागाकार अचूक आहे. अंतर आणि ॲव्हरेज हे दोन्ही आकडे खरे असतील तर लिटरांचा आकडाही खराच येईल. वाद गणिताशी नाही. ॲव्हरेज हा गाडीचा जन्मजात आणि कायमचा गुण आहे, तो रस्त्यावर, वेगावर, भारावर आणि इंधनावर अवलंबून नाही, हे जे गृहीतक त्या भागाकारात गुपचूप शिरते, त्याच्याशी वाद आहे. वस्तुतः ॲव्हरेज हा गाडीचा गुण नसून एका विशिष्ट प्रवासाचा निष्कर्ष असतो. तो प्रवास संपल्यावर कळतो, आधी नव्हे.

बहुतेक लोक या सूत्रात जो आकडा घालतात तो कंपनीच्या जाहिरातीतला असतो, आणि त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण म्हणून तो सरकारमान्य चाचणीतून आल्याचे सांगितले जाते. हे कारण खोटे नाही, पण त्या चाचणीचे स्वरूप समजून घेतल्यावाचून ते निरुपयोगी आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या, म्हणजे ‘एआरएआय’सारख्या संस्थांमध्ये ही चाचणी बंदिस्त जागेत, रुळांवर चाके फिरवून घेतली जाते. ठरावीक वेळी ठरावीक वेग गाठण्याचा जो क्रम तीत पाळला जातो त्याला चालनचक्र म्हणतात. भारतात वापरले जाणारे चालनचक्र युरोपच्या जुन्या चक्रावरून बेतलेले असून ते सुमारे २० मिनिटांचे आहे. त्यात गाडी ११ किलोमीटरांहूनही थोडे कमी अंतर तोडते, सरासरी वेग ताशी ३३ किलोमीटरांच्या आसपास राहतो आणि कमाल वेग ताशी ९० किलोमीटरांपर्यंतच, तोही शेवटच्या टप्प्यात काही क्षणांपुरता, जातो. चाचणीच्या वेळी वातानुकूलन यंत्र, म्हणजे एसी, बंद असतो. गाडीत चार माणसे आणि डिकीभर सामान नसते. घाट नसतो, समोरचा वारा नसतो, खड्डा नसतो. युरोपने स्वतःचे ते जुने चक्र २०१७ पासून टप्प्याटप्प्याने मोडीत काढले, कारण कागदावरचा आणि रस्त्यावरचा इंधनवापर यांतली दरी दरवर्षी रुंदावत चालल्याचे तेथे स्पष्ट झाले होते.

एकाच अटीखाली धावलेल्या दोन गाड्यांची परस्परांशी तुलना करता यावी, हा अशा चाचणीचा हेतू असतो, आणि त्या हेतूपुरती ती न्याय्यच आहे. मुंबईहून गोव्याला चार माणसे आणि एसी घेऊन निघालेल्या गाडीला किती पेट्रोल लागेल, याचे भाकीत करणे हा तिचा हेतू कधीच नव्हता. तुलनेसाठी बनवलेला आकडा भाकितासाठी वापरणे ही चाचणीची नव्हे, वापरणाऱ्याची चूक आहे. पण जाहिरात तो आकडा ज्या थाटात मांडते त्यामुळे ही चूक घडावी अशीच परिस्थिती निर्माण होते, हेही नमूद करणे भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे, कारण तो मोजण्याच्या एककावर आहे. ‘एका लिटरमध्ये किती किलोमीटर’ हे एकक एका प्रश्नासाठी योग्य आहे: टाकीत उरलेल्या इंधनावर गाडी कुठवर जाईल? खर्चाचा प्रश्न त्याच्या उलट आहे. तेथे अंतर ठरलेले असते आणि लिटर शोधायचे असतात. म्हणून त्यासाठी ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ हे एकक हवे. दोन्हींत माहिती तीच आहे आणि एक दुसऱ्याचे व्यस्त आहे, तेव्हा फरक काय पडतो, असे विचारले जाते. फरक पडतो तो सरासरी काढताना आणि तुलना करताना.

समजा, ६०० किलोमीटरांच्या जाण्यात गाडीने लिटरला २० किलोमीटर दिले आणि तितक्याच अंतराच्या परतीत गर्दीमुळे १२ दिले. बहुतेक जण दोन्हींची सरासरी १६ धरतील आणि १२०० किलोमीटरांना ७५ लिटर लागले असे म्हणतील. प्रत्यक्षात जाताना ३० आणि येताना ५० मिळून ८० लिटर लागले, म्हणजे खरी सरासरी १५ आहे. समान अंतरांसाठी लिटरमागच्या किलोमीटरांची साधी सरासरी कधीही बरोबर येत नाही, आणि ती चुकते तेव्हा नेहमी फुगूनच येते. याउलट १०० किलोमीटरला ५ लिटर आणि ८.३३ लिटर यांची साधी सरासरी ६.६७ ही अचूक असते आणि तिच्यावरून ८० लिटरच निघतात. जे एकक साध्या सरासरीला टिकते ते हिशेबासाठी घ्यावे, यात वादाला जागा नसावी.

तुलनेतही हीच फसगत होते. लिटरला १० देणारी गाडी १२ देऊ लागली तर १२०० किलोमीटरांच्या प्रवासात १२० ऐवजी १०० लिटर लागतात, म्हणजे २० लिटर वाचतात; लिटरला २० देणारी गाडी २४ देऊ लागली तर ६० ऐवजी ५०, म्हणजे १० लिटरच वाचतात. पहिल्या गाडीच्या २ किलोमीटरांच्या सुधारणेइतकी बचत साधायला दुसऱ्या गाडीला २० वरून थेट ३० वर जावे लागेल. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमका हाच भ्रम दाखवून दिला होता. इंधनाच्या एककामागे अंतर सांगितले की माणसे बचतीचा अंदाज सातत्याने चुकवतात आणि अंतरामागे इंधन सांगितले की तो सुधारतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेथील नव्या गाड्यांवरच्या अधिकृत पट्टीवर २०१३ च्या मॉडेलांपासून १०० मैलांना लागणारे गॅलनही छापले जातात.

‘आपल्याकडे लोकांना लिटरमागचे किलोमीटरच कळतात, उलटे एकक परके आहे,’ हा यावरचा नेहमीचा प्रतिसाद आहे. तो टिकत नाही. कंपन्यांनी विकलेल्या सर्व मोटारींच्या सरासरी इंधनवापरावर भारत सरकारने २०१७-१८ पासून जी मर्यादा घातली ती १०० किलोमीटरला लिटर याच एककात लिहिलेली आहे: पहिल्या टप्प्यात १०३७ किलो सरासरी वजनासाठी सुमारे ५.४९ लिटर आणि २०२२-२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात १०८२ किलोंसाठी सुमारे ४.७७ लिटर. म्हणजे कारखानदाराला जाब विचारताना शासन योग्य एकक वापरते आणि ग्राहकासमोर मात्र जाहिरातीचे एकक ठेवले जाते. लोकांना कळत नाही म्हणून सांगायचे नाही आणि सांगितले जात नाही म्हणून कळत नाही, हे दुष्टचक्र लोकांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

तिसरा आक्षेप रस्त्याचा आहे, आणि महाराष्ट्रात तो सर्वांत ठसठशीतपणे दिसतो. कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री उभा असल्यामुळे आपल्याकडच्या असंख्य सहली घाट चढतात किंवा उतरतात. भागाकाराचे सूत्र मात्र चढ जाणतच नाही. माणसे आणि सामान धरून १५०० किलो वजनाची गाडी ६०० मीटर वर चढवायला, म्हणजे ढोबळमानाने कोकणपट्टीतून लोणावळ्याच्या उंचीवर न्यायला, सुमारे ८८ लाख जूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख जूल ऊर्जा असते, पण इंजिन तिचा साधारण चौथा भागच चाकांपर्यंत पोचवते. याचा अर्थ असा की निव्वळ बोरघाट चढण्यापायी, सपाट रस्त्यावर तितक्याच अंतराला जे लागले असते त्याखेरीज, जवळपास एक लिटर पेट्रोल जादा खर्ची पडते. मुंबई ते पुणे हे अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे आणि लिटरला १५ च्या हिशेबाने त्याला १० लिटर लागतात; त्यातला एक लिटर म्हणजे दहावा हिस्सा होय. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने परतीच्या वाटेवर यातले काही परत मिळते, परंतु तीव्र उतारावर ब्रेक दाबून जी ऊर्जा उष्णतेत जाते ती कायमची गेलेली असते. जाण्यायेण्याचा खर्च सारखाच मानणारे सूत्र या दोन्ही दिशांना चुकते.

वेगाचेही तसेच आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. ताशी ८० किलोमीटरांऐवजी १०० ने गाडी हाकली तर हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो. एकूण इंधनवापर तितक्याच टक्क्यांनी वाढत नाही, कारण चाकांचे घर्षण आणि इंजिनाचा स्वतःचा खर्चही त्यात असतो, पण द्रुतगती महामार्गावर १०० ची मर्यादा गाठून धावणारी गाडी चाचणीत ९० च्या पुढे न गेलेल्या गाडीचे ॲव्हरेज देईल अशी अपेक्षा भौतिकशास्त्राला धरून नाही. टपावर सामानाचा कॅरियर बांधला असेल तर हा विरोध आणखी वाढतो. दुसऱ्या टोकाला वाहतूककोंडी आहे. गणेशोत्सवाच्या तोंडावर मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ किंवा माणगाव येथे तासन्‌तास खोळंबलेली गाडी शून्य किलोमीटर जाते आणि एसी चालू ठेवून तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते. अंतराला भागणाऱ्या सूत्रात या जळलेल्या पेट्रोलला स्थानच नाही.

चौथा आक्षेप खुद्द इंधनाचा आणि त्याच्या दराचा आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवून घेतलेल्या चारचाकी गाड्यांची इंधनक्षमता २० टक्के मिश्रणामुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, आणि १० टक्क्यांसाठी घडवून २० टक्क्यांना जुळवलेल्या गाड्यांची १ ते २ टक्क्यांनी, असा अंदाज दिला होता. धोरण म्हणून इथेनॉलच्या बाजूने इतर अनेक गोष्टी सांगता येतील. पण जुन्या गाडीचे पाच-सात वर्षांपूर्वीचे ॲव्हरेज आजच्या हिशेबात जसेच्या तसे घालता येत नाही, एवढे यातून निर्विवाद ठरते. दराचे म्हणाल तर पेट्रोल आणि डिझेल वस्तू व सेवा करात येत नाहीत. त्यांवर प्रत्येक राज्य स्वतःचा मूल्यवर्धित कर लावते आणि १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज ठरतात. गेली काही वर्षे गोव्यातले पेट्रोल महाराष्ट्रातल्यापेक्षा स्वस्त राहिले आहे. म्हणून हिशेबात घरच्या पंपाचा दर नव्हे, तर जेथे टाकी भरली जाणार आहे तेथला दर धरावा लागतो.

या साऱ्याचा एकत्रित परिणाम किती होतो ते एका उदाहरणाने तपासता येईल. मुंबईहून पुणे, निपाणी, आजरा, आंबोली आणि सावंतवाडी या मार्गाने पणजीला जाऊन त्याच वाटेने परत येण्याचे अंतर सुमारे १२०० किलोमीटर आहे. गाडीचे जाहिरातीतले ॲव्हरेज २० आणि पेट्रोलचा दर सोयीसाठी १०० रुपये धरला, तर प्रचलित सूत्राने ६० लिटर आणि ६००० रुपये येतात. आता चार माणसे, सामान आणि चालू एसी यांसह लहान पेट्रोल गाडीला साजेसे आकडे घेऊन तोच प्रवास तुकड्यांनी मोजावा. मुंबईतून बाहेर पडण्याचे आणि परत शिरण्याचे ८० किलोमीटर १०० ला ९ लिटरने ७.२ लिटर, द्रुतगती व चौपदरी महामार्गाचे ८०० किलोमीटर १०० ला ६ लिटरने ४८ लिटर, आजऱ्याकडून आंबोलीचा घाट उतरून पणजीपर्यंतच्या अरुंद रस्त्याचे, येण्याजाण्याचे मिळून ३२० किलोमीटर १०० ला ७ लिटरने २२.४ लिटर, आणि गोव्यात किनाऱ्यांवर, देवळांना व बाजारात हिंडण्याचे १५० किलोमीटर १०० ला ८ लिटरने १२ लिटर. बेरीज ८९.६ लिटर, म्हणजे सुमारे ९००० रुपये होते. प्रचलित सूत्राच्या उत्तराची ही दीडपट आहे. स्थानिक हिंडणे विसरल्यामुळे यातला फक्त साडेसात लिटरांचा फरक पडतो. उरलेले २२ लिटर चुकीच्या ॲव्हरेजचे आहेत. गाडी बदलली की आकडे बदलतील, पण चुकीची दिशा बदलणार नाही.

यावर असा बचाव केला जातो की मग सूत्रात २० ऐवजी १५ घालावेत, सूत्र तर तेच राहिले. या सहलीचे एकत्रित ॲव्हरेज खरोखर १५ च्या आसपास निघते, हे खरे आहे. पण ते तुकड्यांची बेरीज केल्यानंतर निघाले, आधी हाताशी नव्हते. सहल नाशिक-छत्रपती संभाजीनगरची असती, तर घाट, गर्दी आणि मोकळा रस्ता यांचे प्रमाण निराळे पडून दुसराच आकडा आला असता. डॅशबोर्डवरचा पडदा तयार ॲव्हरेज दाखवतो, मग मोजायचे कशाला, असाही एक बचाव आहे. तो पडदा इंजिनात सोडलेल्या इंधनाचा संगणकीय अंदाज दाखवतो, तो प्रत्यक्षापेक्षा थोडा चढा असू शकतो, आणि मुख्य म्हणजे तो झालेल्या प्रवासाबद्दल बोलतो, होणाऱ्या नव्हे.

योग्य रीत अवघडही नाही. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरावी, पावतीवरचे लिटर मधल्या किलोमीटरांनी भागून १०० ने गुणावेत. एका टाकीत लिटरभराची चूक संभवते म्हणून तीन-चार टाक्यांची नोंद ठेवावी, आणि शहरातली व महामार्गावरची नोंद वेगळी ठेवावी. एवढ्याने प्रत्येक घराला स्वतःच्या गाडीचे दोन-तीन विश्वासार्ह आकडे मिळतात. सहलीपूर्वी मार्गाचे तुकडे करावेत, मुक्कामी हिंडण्याचे अंतर मिळवावे, मोठ्या चढासाठी आणि कोंडीसाठी वेगळी तरतूद करावी, आणि मगच बेरजेला दराने गुणावे. या कामाला अर्धा तास पुरतो.

शेवटचा बचाव सर्वांत अधिक ऐकू येतो: सहल आनंदासाठी असते, हजार-दोन हजार इकडचे तिकडे झाले म्हणून काय बिघडले? स्वतःच्या खिशातून देणाऱ्याचे फारसे बिघडत नाही, हे कबूल. पण महाराष्ट्रात सहलीसाठी लागणाऱ्या गाड्यांचा मोठा हिस्सा भाड्याचा असतो, आणि चालक-मालक, म्हणजे स्वतःची गाडी स्वतःच चालवणारा माणूस, पुष्कळदा उक्ते भाडे ठरवतो. अशा सौद्यात गिऱ्हाईक जाहिरातीतले ॲव्हरेज पुढे करून तेलाचा खर्च इतकाच होतो असे बजावते आणि भाडे त्या प्रमाणात पाडून मागते. वरच्या उदाहरणातला ३००० रुपयांचा फरक तेव्हा त्या माणसाच्या चार दिवसांच्या मजुरीतून, टायरांच्या पैशांतून आणि गाडीच्या हप्त्यातून जातो. मित्रमंडळी एकाची गाडी घेऊन निघतात आणि निघण्यापूर्वीच अंदाजे वर्गणी काढतात, तेव्हाही हाच अन्याय लहान प्रमाणात होतो. गाडीवाला कमी पडलेले पैसे मागायला संकोचतो आणि गाडीची झीज तर कोणी मोजतच नाही.

म्हणून हा वाद सोयीच्या आणि काटेकोर हिशेबांपैकी कोणता पसंत करावा एवढ्यापुरता नाही. चुकीचे उत्तर देणाऱ्या सूत्राचा सोपेपणा हा त्याचा गुण ठरत नाही. शासनाने विक्रीच्या प्रत्येक गाडीवर १०० किलोमीटरला लागणारे लिटर, शहर आणि महामार्ग असे वेगवेगळे, एसी चालू ठेवून मोजलेले, ठळकपणे छापण्याची सक्ती करावी. प्रवासविषयक लिहिणाऱ्यांनी जाहिरातीतल्या ॲव्हरेजवर बेतलेले खर्चाचे तक्ते देणे थांबवावे. आणि उक्ते भाडे ठरवताना गिऱ्हाइकाने चालकाच्या नोंदवहीतला आकडा प्रमाण मानावा. ज्याने ती गाडी तोच घाट शेकडो वेळा चढवली आहे, त्याचा आकडा बंद खोलीत वीस मिनिटे फिरलेल्या चाकांच्या आकड्यापेक्षा खरा आहे, आणि त्याच आकड्यावर त्याचे घर चालते.